जेवणाआधीचे जलद इन्सुलिन सुरक्षितपणे कसे घ्यावे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात मधुमेहाच्या रुग्णांना इन्सुलिन घ्यायला शिकवण्याचे काम मी करते. इन्सुलिन सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत रुग्ण आणि त्यांच्या घरची माणसे जे प्रश्न विचारतात, ते येथे एकत्र केले आहेत. या कामात एक गोष्ट माझ्या पक्की ध्यानात आली आहे, ती अशी की जलद इन्सुलिनच्या बहुतेक अपघातांचे मूळ सुई आणि पहिला घास यांच्या चुकलेल्या वेळेत असते. म्हणून खालच्या उत्तरांत घड्याळाचा उल्लेख पुन्हा पुन्हा येईल. डोस किती घ्यायचा हे तुमचे डॉक्टरच ठरवतील. येथील आकडे विषय समजावा म्हणून दिले आहेत, त्यांवरून परस्पर डोस बदलू नये.

जलद इन्सुलिन म्हणजे नेमके कोणते? माझे वडील घेत होते त्यापेक्षा ते वेगळे आहे का?

निरोगी माणसाचे स्वादुपिंड दिवसरात्र थोडे थोडे इन्सुलिन सोडत असते आणि जेवण सुरू झाले की त्यात एकदम मोठी भर घालते. ही जेवणाच्या वेळची भर जलद इन्सुलिनने घालायची असते. लिस्प्रो, अस्पार्ट आणि ग्लुलिसिन हे त्याचे तीन प्रमुख प्रकार असून दुकानात ते ह्युमालॉग, नोव्होरॅपिड, एपिड्रा अशा नावांनी मिळतात. टोचल्यापासून साधारण १० ते २० मिनिटांत त्यांचे काम सुरू होते, एक ते दोन तासांत जोर सर्वांत जास्त असतो आणि तीन ते पाच तासांत तो ओसरतो.

वडील बहुधा ‘रेग्युलर’ इन्सुलिन किंवा ३०:७० चे (३० टक्के रेग्युलर आणि ७० टक्के संथ इन्सुलिनचे) गढूळ मिश्रण घेत असतील. १९२१ मध्ये टोरंटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी जनावरांच्या स्वादुपिंडातून जे इन्सुलिन वेगळे केले आणि जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला जे प्रथम दिले गेले, त्याच वंशातले हे रेग्युलर इन्सुलिन आहे. त्याचे रेणू सहा-सहाच्या गटाने एकमेकांना धरून असतात आणि सुटे झाल्याशिवाय रक्तात शिरत नाहीत. त्यामुळे काम सुरू व्हायला अर्धा तास लागतो आणि असर सहा ते आठ तास रेंगाळतो. १९९६ मध्ये आलेल्या लिस्प्रोत रेणूची रचना किंचित बदलून ही पकड सैल करण्यात आली, म्हणून ते त्वचेखाली गेल्यावर लवकर सुटे होते. वडिलांची ‘टोचा आणि अर्ध्या तासाने जेवा’ ही सवय त्यांच्या औषधासाठी योग्यच होती, पण ती तुम्ही जशीच्या तशी उचललीत तर धोका आहे.

इंजेक्शन जेवणाआधी किती वेळ घ्यावे?

लिस्प्रो, अस्पार्ट किंवा ग्लुलिसिन असेल तर जेवणाआधी साधारण १० ते १५ मिनिटे. याहून जलद असे अस्पार्टचे एक रूप फियास्प नावाने मिळते. ते जेवायला बसताना, किंवा डॉक्टरांनी सांगितले असल्यास जेवण सुरू झाल्यापासून २० मिनिटांच्या आत घेता येते. रेग्युलर असेल तर ३० मिनिटे आधी.

हे झाले पुस्तकी उत्तर. प्रत्यक्षात मी रुग्णांना एकच नियम पाठ करायला लावते, तो म्हणजे ताट वाढलेले डोळ्यांना दिसल्याशिवाय इन्सुलिन पेनचे टोपण काढायचे नाही. कुकरची शिट्टी झाली म्हणजे जेवण तयार झाले असे नव्हे. मंगल कार्यालयात ‘पंगत बसतेच आहे’ असे सांगितले जाते आणि त्यानंतर पाहुण्यांचे फोटो, आहेर आणि आग्रह यांत पाऊण तास सहज निघून जातो. गणपतीत नैवेद्य आणि आरती झाल्याशिवाय घरात कोणी जेवत नाही, आणि आरत्या किती म्हटल्या जातील हे आधी सांगता येत नाही. अशा प्रसंगी वरण-भात पानात पडल्यावर सुई घेतलेली चालते. जेवणानंतरची साखर थोडी वर गेली तरी ती नंतर सावरता येते, पण टोचून घेतलेले इन्सुलिन परत काढून घेता येत नाही.

ज्यांची भूक बेभरवशाची असते, म्हणजे लहान मुले, फार वृद्ध माणसे, मळमळ होत असलेले रुग्ण आणि ज्यांचे पोट मधुमेहामुळे उशिरा रिकामे होते असे लोक, त्यांच्या बाबतीत डॉक्टर बरेचदा जेवण झाल्यावर आणि खाल्लेल्या प्रमाणात डोस द्यायला सांगतात. हे आपल्या घरातल्या माणसाला लागू आहे का, हे विचारून घ्यावे.

रोज एकच डोस घ्यायचा की जेवण बघून बदलायचा?

दोन्ही पद्धती प्रचलित आहेत. ठरावीक डोस असेल तर जेवणही ठरावीक हवे. सकाळी दोन पोळ्यांचा डोस घेऊन एका फुलक्यावर उठणे म्हणजे अकरा वाजता घाम फुटण्याची तयारी करणे होय. दुसऱ्या पद्धतीत ताटातली कर्बोदके मोजून डोस ठरवतात. त्यासाठी डॉक्टर प्रत्येक रुग्णाला त्याचे प्रमाण काढून देतात, उदाहरणार्थ दर १२ ग्रॅम कर्बोदकांना १ युनिट. हे प्रमाण माणसागणिक, आणि पुष्कळदा एकाच माणसात सकाळ-संध्याकाळ, वेगळे असते.

आपल्या ताटाचे काही ठोकताळे असे आहेत. सुमारे ३० ग्रॅम कोरड्या कणकेच्या मध्यम पोळीत २० ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतात. ५० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत ती ३५ ग्रॅमच्या जवळ जातात, त्यामुळे ‘भाकरी चालते, कितीही खा’ हा समज दुरुस्त करायला हवा. शिजलेल्या भाताची १५० ग्रॅमची वाटी ४० ग्रॅमच्या घरात असते. यापलीकडचे मोजमाप कागदावर शिकण्यापेक्षा आठवडाभर स्वयंपाकघरातल्या काट्यावर करावे. घरातली नेहमीची वाटी एकदा भाताने भरून तोलली की तो आकडा कायमचा लक्षात राहतो, आणि दुसऱ्याच्या घरची वाटी मोठी असल्याचेही चटकन समजते.

तेलातुपाच्या जेवणाची गोष्ट वेगळी आहे. मिसळ-पाव, पुरणपोळीवर तूप किंवा रात्रीची बिर्याणी यांत स्निग्धांश जास्त असल्यामुळे साखर उशिरा चढते आणि बराच वेळ वर राहते. जलद इन्सुलिनचा जोर तोपर्यंत ओसरू लागलेला असतो. अशा वेळी पहिल्या दोन तासांत साखर खाली आणि चार तासांनी वर, असे उलटे चित्र दिसते. डोस विभागून घ्यायचा का, याचा निर्णय दोन-तीन वेळच्या नोंदी डॉक्टरांना दाखवूनच करावा.

जेवणानंतर साखर २४० दिसली. लगेच आणखी इन्सुलिन घेऊ का?

थांबावे. या प्रश्नाचे उत्तर मी सर्वांत सावकाश देते, कारण घरच्या घरी झालेल्या गंभीर चुकांमध्ये ही चूक मला वारंवार भेटते.

समजा, दुपारी एकला ८ युनिट घेऊन तुम्ही जेवलात. अडीच वाजता २४० दिसली म्हणून ४ युनिट घेतले. साडेतीनला २१० दिसली, समाधान झाले नाही, म्हणून पुन्हा ४ घेतले. साडेतीन वाजता अंगात एकाच वेळी तीन डोस काम करत आहेत: एकचा डोस अजून संपलेला नाही, अडीचचा ऐन भरात आहे आणि साडेतीनचा सुरू होतो आहे, तर पोटातले अन्न मात्र बरेचसे पचून गेले आहे. पाच वाजता ही साखर कोठे जाईल याचा अंदाज करणे अवघड नाही. इन्सुलिनवर इन्सुलिन चढवण्याचा हा प्रकार टाळण्यासाठी दोन वाढीव डोसांमध्ये निदान चार तासांचे अंतर ठेवावे, किंवा तुमच्या डॉक्टरांनी जे अंतर दिले असेल ते पाळावे. जेवणानंतर दोन तासांनी बहुतेकांचे लक्ष्य १८० च्या आत असते हे खरे, पण त्याच्या वर दिसलेल्या प्रत्येक आकड्याला सुई हे उत्तर नसते.

वाढीव डोसाचा हिशेब जलद इन्सुलिनसाठी बरेचदा १८०० या आकड्यावरून काढतात. दिवसभराचे सगळे इन्सुलिन मिळून ३६ युनिट होत असेल, तर १८०० भागिले ३६ म्हणजे ५०. अर्थात १ युनिटने साखर अंदाजे ५० ने उतरेल. लक्ष्य १२० आणि जेवणाआधीचा आकडा २२० असेल, तर जेवणाच्या डोसात २ युनिटची भर पडते. हा फक्त आरंभीचा अंदाज असून तो तपासून दुरुस्त करावा लागतो. झोपण्यापूर्वी पूर्ण वाढीव डोस घेणे टाळावे, कारण त्याचा जोर येईल तेव्हा घर झोपलेले असते.

यंत्रावरचा आकडा चुकीचा असू शकतो का?

होय, आणि आंब्याच्या दिवसांत विशेष. हापूस सोलून बोट नुसते पुसले आणि त्याच बोटाचा थेंब पट्टीवर घेतला, तर बोटावरच्या रसाची साखर रक्तात मिसळून आकडा भलताच मोठा येतो. स्पिरिटचा बोळा फिरवून हा चिकटा नीट जात नाही. साबणाने हात धुऊन कोरडे करावेत. आकडा तुमच्या तब्येतीशी जुळत नसेल तर हात धुऊन पुन्हा तपासल्याशिवाय डोस घेऊ नये. दंडावरचा सेन्सर वापरणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की तो पेशींभोवतालच्या द्रवातली साखर मोजतो आणि ती रक्ताच्या साधारण ५ ते १५ मिनिटे मागे असते. साखर वेगाने उतरत असताना सेन्सरवर ८५ आणि बोटावर ६५ असे होऊ शकते.

साखर उतरल्याचे कसे ओळखावे आणि त्या वेळी काय करावे?

७० च्या खाली गेलेली साखर ही उपचार करण्याइतकी कमी साखर होय, आणि ५४ च्या खाली ती धोक्याची असते. हात थरथरणे, थंड घाम, धडधड, एकदम कडकडून भूक ही पहिली लक्षणे आहेत. त्यानंतर मेंदूला साखर कमी पडू लागते आणि माणूस अडखळत बोलतो, विनाकारण चिडतो, समोरच्या साध्या प्रश्नाला भलते उत्तर देतो. ‘मला काही झालेले नाही’ असे तो ठामपणे सांगतो तेव्हाच घरच्यांनी सर्वांत जास्त सावध व्हावे.

उपचार साधा आहे. १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे ग्लुकोज पावडरचे किंवा साखरेचे तीन-चार चहाचे चमचे, अर्धा पेला पाण्यात ढवळून प्यावेत. १५ मिनिटे थांबून पुन्हा तपासावे. अजून ७० च्या खाली असेल तर हेच पुन्हा करावे. आकडा वर आल्यावर पुढचे जेवण तासाभराहून लांब असेल, तर एखादी पोळी किंवा दूध-बिस्किटे खावीत. पेढा, चॉकलेट, श्रीखंड हे गोड असले तरी या वेळी कामाचे नाहीत, कारण त्यांतला स्निग्धांश साखर रक्तात पोचायला उशीर लावतो. घाबरून समोर दिसेल ते खाल्ले, तर दोन तासांनी साखर ३०० वर जाते आणि तिच्यासाठी पुन्हा सुई, असे चक्र सुरू होते.

दोन गोष्टी औषधांच्या पाकिटावर पाहून घ्याव्यात. वोग्लिबोज किंवा अकार्बोज असलेली गोळी चालू असेल तर साधी साखर आतड्यात लवकर फुटत नाही. अशा रुग्णाने ग्लुकोज पावडरच जवळ ठेवावी. रक्तदाब किंवा हृदयासाठी मेटोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल यांसारखी गोळी चालू असेल तर धडधड आणि थरथर झाकली जाते, आणि नुसता घाम हीच खूण उरते. पावडरची पुडी घरात, पर्समध्ये, गाडीत आणि उशाशी अशा चार ठिकाणी असावी.

बोलावूनही उत्तर देत नसतील तर?

तोंडात काहीही घालू नये. पाणी, साखर, मध, काहीही नाही, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकते. कुशीवर वळवावे आणि १०८ ला फोन करून ‘इन्सुलिनवरचा रुग्ण बेशुद्ध आहे’ असे पहिल्याच वाक्यात सांगावे. घरात ग्लुकॅगॉनचे (साखर वाढवणाऱ्या हार्मोनचे) इंजेक्शन असेल आणि ते द्यायला शिकवलेले असेल तर द्यावे. शुद्ध आल्यावर ‘आता बरे वाटते’ म्हणून घरीच थांबू नये.

लाल टोपीची आणि केशरी टोपीची सिरिंज यांत काय फरक आहे? युनिट ते युनिट, नाही का?

नाही. आपल्याकडे कुपीतले बरेचसे इन्सुलिन एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट या तीव्रतेचे असते आणि त्यासाठी लाल टोपीची सिरिंज असते. पेनमधले काट्रिज (औषधाची नळी), आणि काही कुप्या, १०० युनिट तीव्रतेच्या असतात. त्या तीव्रतेच्या कुपीसाठी केशरी टोपीची सिरिंज लागते. १०० च्या इन्सुलिनमध्ये लाल सिरिंज घालून १० च्या रेघेपर्यंत भरले, तर प्रत्यक्षात २५ युनिट अंगात जातात, म्हणजे अडीच पट. उलट केले तर १० ऐवजी फक्त ४ जातात.

एकदा एक काकू स्टीलच्या छोट्या डब्यात सगळे सामान घेऊन माझ्याकडे आल्या होत्या. पेन बिघडले होते, म्हणून दुकानदाराने काट्रिजमध्ये सिरिंज खुपसून औषध काढायला सांगितले होते आणि सोबत लाल टोपीच्या सिरिंजांचे पाकीट दिले होते. यजमानांची साखर सलग दोन रात्री ५० च्या आसपास गेली होती आणि त्या स्वतःला दोष देत होत्या की आपणच जेवायला कमी वाढले. मी टेबलावर त्यांच्याच सिरिंजेत पाणी भरून रेघा मोजून दाखवल्या, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. हे त्यांना पहिल्याच दिवशी कोणीतरी सांगायला हवे होते. काट्रिजमधून सिरिंजने औषध काढू नये, आणि कुपीवरचा ४० किंवा १०० हा आकडा व टोपीचा रंग दर वेळी नवे पाकीट उघडताना जुळवून पाहावा.

रात्री लॅन्टस या दीर्घकाळ काम करणाऱ्या इन्सुलिनऐवजी चुकून २० युनिट जलद इन्सुलिन घेतले गेले. आता काय?

ही चूक जाणत्या माणसांकडूनही होते, कारण दोन्ही औषधे पाण्यासारखी स्वच्छ दिसतात आणि रात्रीची वेळ पेंगुळलेली असते. सर्वांत आधी कोणाला तरी उठवावे; एकट्याने निभावण्याचा हा प्रसंग नव्हे. लगेच साखर तपासावी, पोळी-भात-दूध असे भरपूर कर्बोदकांचे खाणे सुरू करावे, ग्लुकोजचे पाणी हाताशी ठेवावे आणि डॉक्टरांना फोन करावा. पुढचे पाच तास दर अर्ध्या तासाने, आणि साखर उतरत असेल तर दर १५ मिनिटांनी, तपासणी करावी. डोस नेहमीच्या जेवणाच्या डोसापेक्षा बराच मोठा असेल, उलटी होत असेल किंवा खाल्ले तरी आकडा खाली जात असेल, तर लगेच रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जावे. राहिलेले लॅन्टस घ्यायचे का, हेही डॉक्टरांनाच विचारावे.

पुढच्यासाठी : जलद पेनला जाड रबर बँड गुंडाळावा, म्हणजे अंधारातही ते बोटांना कळते. जलद पेन जेवणाच्या टेबलाजवळ आणि रात्रीचे पेन दात घासण्याच्या ब्रशाजवळ ठेवावे.

डोस घेतला की नाही हेच आठवत नाही.

मग घेतला असे समजावे. दुसऱ्यांदा घेऊ नये. दोन-तीन तासांनी साखर तपासून पुढचे ठरवावे. घ्यायचा राहिला हे नक्की ठाऊक असेल आणि जेवून १५-२० मिनिटेच झाली असतील, तर तो घेता येईल का हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे. काही पेनांमध्ये शेवटच्या डोसाची नोंद राहते. नाहीतर कॅलेंडरवर प्रत्येक सुईनंतर फुली मारण्याची सवय लावावी.

एकादशी, चतुर्थीला इन्सुलिनचे काय करायचे?

जे जेवण होणार नाही त्याचे जलद इन्सुलिन घ्यायचे नाही. दीर्घकाळ काम करणारे इन्सुलिन मात्र चालूच राहते, कारण त्याचा जेवणाशी संबंध नसतो. टाईप १ मधुमेहात ते बंद केले तर एका दिवसात रक्त आम्लयुक्त होऊन जिवावर बेतू शकते. मिश्र इन्सुलिन घेणाऱ्यांना हे दोन भाग वेगळे करता येत नाहीत, म्हणून त्यांनी उपवासाआधी डॉक्टरांशी बोललेच पाहिजे.

‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण इन्सुलिन घेणाऱ्यांनी इशारा म्हणून घ्यावी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे. त्याच्या खिचडीच्या एका बशीत, वर बटाटाही असल्यास, नेहमीच्या जेवणाइतकी किंवा जास्त कर्बोदके जातात. भगर आणि दाण्याची आमटी प्रमाणात खाल्ली तर तुलनेने बरी. संकष्टीला चंद्रोदयाची वाट पाहताना साखर ७० च्या खाली आली, तर उपवास त्याच क्षणी सोडावा. देवाला यात काही वावगे वाटेल असे मला वाटत नाही.

ताप आहे, उलट्या होत आहेत, काही खाल्ले जात नाही. इन्सुलिन बंद ठेवू का?

पूर्ण बंद करू नये. आजारपणात शरीर स्वतःच साखर वाढवते, त्यामुळे पोट रिकामे असूनही ती चढू शकते. दीर्घ इन्सुलिन चालू ठेवावे, जलद इन्सुलिन खाल्लेल्या प्रमाणात घ्यावे, दर दोन ते चार तासांनी साखर तपासावी आणि घोट घोट पाणी, मिठाचे ताक, पेज पोटात जात राहील असे पाहावे. साखर २५० च्या वर राहत असेल तर लघवीतले कीटोन (इन्सुलिन कमी पडल्यावर चरबी जळून तयार होणारे आम्ल पदार्थ) तपासावेत. दम लागणे, पोटात दुखणे, श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास येणे किंवा पाणीही न टिकणे यांपैकी काही दिसले तर रुग्णालय गाठावे.

रोज सकाळी पर्वती चढतो. डोस कमी करावा का?

नाश्त्याचा डोस घेऊन एक-दोन तासांत चढणार असाल तर बहुधा होय. डॉक्टर अशा वेळी साधारण पाव ते निम्मा डोस कमी करायला सांगतात. नाश्त्यापूर्वी, जलद इन्सुलिन अंगात नसताना चढत असाल तर त्याची गरज बहुधा पडत नाही. चढणीच्या दिवशी मांडीत टोचू नये, कारण चालत्या स्नायूंमुळे रक्तपुरवठा वाढतो आणि औषध लवकर शोषले जाते. मोठ्या श्रमाचा परिणाम त्या रात्रीपर्यंत टिकतो. पुण्याहून ज्ञानोबांच्या पालखीबरोबर दिवेघाटातून सासवडपर्यंत चालून गेलेल्या वारकऱ्याची साखर पहाटे उतरू शकते, म्हणून त्या रात्री झोपण्यापूर्वी तपासणी आणि थोडे खाणे गरजेचे आहे. सोबतच्या एका तरी माणसाला आपण इन्सुलिन घेतो हे माहीत असावे.

दुचाकी चालवता येईल का?

येईल, पण निघण्याआधी साखर तपासूनच. ती ९० च्या खाली असेल तर आधी काही खावे. वाटेत चक्कर किंवा घाम जाणवला तर ‘पुढच्या सिग्नलपर्यंत’ असा विचार न करता गाडी कडेला घ्यावी. साखर पुन्हा नेहमीच्या पातळीवर आल्यानंतरही ४५ मिनिटे गाडी चालवू नये. आकडा सुधारतो तेव्हा मेंदू पूर्ण सावरलेला नसतो.

सुई कोठे आणि कशी टोचावी? पोटावर गाठी आल्या आहेत.

पोटावर औषध सर्वांत लवकर शोषले जाते, म्हणून जलद इन्सुलिनला पोट उत्तम. बेंबीपासून दोन बोटे लांब. ४ मिलिमीटरची सुई बहुतेक प्रौढांना पुरते आणि ती सरळ टोचावी. दर वेळी आधी २ युनिट हवेत सोडून टोकाशी थेंब आल्याचे पाहावे, आणि डोस दिल्यावर मनात दहा अंक मोजून मगच सुई काढावी.

गाठी म्हणजे एकाच जागी पुन्हा पुन्हा टोचल्याने फुगलेली चरबी होय. तेथे दुखत नाही म्हणून लोकांना तीच जागा आवडते, पण तेथून औषध कधी थोडे तर कधी अचानक शोषले जाते आणि साखरेचा मेळ बसत नाही. आंघोळीच्या वेळी साबणाच्या हाताने पोट चाचपावे. नजरेला न दिसणाऱ्या गाठी बोटांना लागतात. त्या जागा काही महिने सोडून द्याव्यात, दर वेळी बोटभर अंतर सरकावे, आणि एक सुई एकदाच वापरावी. चांगल्या जागी तोच डोस जास्त काम करतो, त्यामुळे जागा बदलण्याआधी डॉक्टरांना विचारून डोस कमी करून घ्यावा.

पुण्याच्या उन्हाळ्यात इन्सुलिन कसे सांभाळावे?

न उघडलेले इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवावे. फ्रीझरच्या कप्प्याजवळ किंवा मागच्या गार भिंतीला टेकवून ठेवू नये, कारण एकदा गोठलेले इन्सुलिन वितळले तरी निकामी होते. वापरात असलेले पेन ३० अंशांच्या आत २८ दिवस चालते. काही कंपन्यांची मर्यादा वेगळी असते, म्हणून पाकिटावरचा मजकूर वाचावा आणि उघडल्याची तारीख पेनवर लिहावी.

एप्रिल-मेमध्ये पुण्यात पारा ४० च्या पुढे जातो, तेव्हा फ्रिज नसेल किंवा वीज बराच वेळ गेली असेल तर मातीची भांडी मदतीला येतात. मोठ्या कुंडीत ओली वाळू, तिच्यात लहान मडके, मडक्यात कोरड्या डब्यात इन्सुलिन आणि वर ओले फडके, अशी रचना सावलीत ठेवली की पाणी उडत राहते आणि आतली हवा बाहेरच्यापेक्षा बरीच गार राहते. कोरड्या उन्हाळ्यात हे चांगले चालते. पावसाळ्यातल्या दमट हवेत त्याचा तितका उपयोग होत नाही. बर्फाला थेट लावून ठेवू नये. स्कूटरच्या डिकीत तर पाच मिनिटांसाठीही नको, कारण उन्हात उभ्या गाडीची डिकी भट्टीसारखी तापते. विमानात इन्सुलिन हातातल्या बॅगेत असावे. स्वच्छ दिसायला हवे असलेले जलद इन्सुलिन गढूळ झाले असेल किंवा त्यात कण दिसत असतील, तर ते टाकून द्यावे.

मूत्रपिंडाचा त्रास सुरू झाला आणि साखर आपोआप कमी येऊ लागली. मधुमेह बरा होतो आहे का?

नाही. मूत्रपिंड इन्सुलिनचा निचरा करते. ते मंदावले की तोच डोस अंगात जास्त वेळ टिकतो. डोस कमी करण्यासाठी त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटावे.

वापरलेल्या सुया कचऱ्यात टाकल्या तर चालतील का?

सुट्या कधीही टाकू नयेत. पुण्यात अनेक घरांचा कचरा ‘स्वच्छ’ संस्थेच्या कचरावेचक ताई दारात येऊन नेतात आणि पुढे तो हातांनी वेगळा करतात. ओल्या कचऱ्याच्या पिशवीत राहिलेली एक सुई त्यांच्या बोटात घुसते, आणि ती कोणाच्या रक्तातून आली हे त्यांना कधीच कळत नाही. घनकचरा नियमांनुसार वापरलेल्या सुया आणि सिरिंजा इतर कचऱ्यात न मिसळता वेगळ्याच द्यायच्या असतात. फिनेलची किंवा कपडे धुण्याच्या द्रवाची जाड प्लॅस्टिकची रिकामी बाटली घ्यावी, सुई पेनवरून काढल्याबरोबर तीत टाकावी, तीन चतुर्थांश भरली की झाकण घट्ट लावून वर चिकटपट्टी फिरवावी आणि मराठीत ठळक ‘सुया आहेत’ असे लिहावे. मग ती बाटली पिशवीत न टाकता ताईंच्या हातात, सांगून द्यावी, किंवा तुमचे रुग्णालय वापरलेल्या सुया स्वीकारत असेल तर पुढच्या तपासणीला जाताना तेथे न्यावी.